आमच्या गावात सगळेच 'मेजर': फौजेतली पदं आणि तुकड्या कुणी नीट समजावून सांगेल का?

कादवाकाठ | ११ जुलै, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीसमोर काळ्या ग्रॅनाइटचा फलक बसवायचं ठरलंय. गावातून फौजेत गेलेल्या सगळ्यांची नावं त्यावर कोरायची आहेत. आजी-माजी आणि आता हयात नसलेले धरून सत्तावीस जण होतात. मी शाळेत शिकवते, म्हणून यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला 'मेजर' म्हणायची पद्धत आहे. पारावर चौघे बसले असतील तर चौघेही मेजर. पण घरोघर जाऊन खरं पद विचारलं तर वहीत काय काय निघालं: गनर, सवार, क्राफ्ट्समन, नाईक, दफेदार, बीएचएम, सुभेदार मेजर, ऑनररी कॅप्टन. यात 'सुभेदार मेजर' मोठा की 'मेजर'? एकाच वाड्यातले दोघे भाऊ आणि एक चुलतभाऊ. एक म्हणतो "माझी पलटण", दुसरा म्हणतो "माझी रेजिमेंट", तिसरा म्हणतो "माझी बॅटरी". तिघंही आपापलं इतक्या अभिमानानं सांगतात की यात लहान-मोठं काय असतं हे विचारायला जीभ वळली नाही.

हे सगळं एवढ्या बारकाईनं विचारायचं कारण सांगते. मागच्या १५ ऑगस्टला गावानं घाईघाईत एक फ्लेक्स लावला होता. त्यात एका आजोबांच्या नावापुढे 'हवालदार' छापलं गेलं. ते ऑनररी कॅप्टन होऊन निवृत्त झालेत. आजोबा कुणाला काही बोलले नाहीत. झेंडावंदनाला आले, शेवटच्या रांगेत ताठ उभे राहिले आणि चहा न घेता घरी गेले. दोन महिन्यांनी त्यांच्या सुनेनं मला हे सांगितलं. तो फ्लेक्स निदान उतरवता तरी आला. दगडावर कोरलेलं कसं उतरवणार?

ओझरकर | ११ जुलै, रात्री ९:३०

ताई, आमच्याकडेही सगळे मेजरच. माझे मामा हवाई दलात होते, त्यांनाही गाव मेजर म्हणायचं. हवाई दलात 'मेजर' हे पदच नाही हे मामांनी तीस वर्षं कुणालाही सांगितलं नाही.

जेलरोडचा_तोफची | ११ जुलै, रात्री १०:०५

ताई, मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. भरती, ट्रेनिंग इथलंच, नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरचं. तुमची वही वाचून आनंद झाला. सविस्तर लिहितो.

आधी पायदळ घ्या, म्हणजे हिशोब कळेल. सगळ्यात छोटी तुकडी सेक्शन. साधारण दहा माणसं, वर एक हवालदार. तीन सेक्शनची एक प्लाटून, म्हणजे तीस-पस्तीस जण. तिच्यावर नायब सुभेदार किंवा सुभेदार, नाहीतर तरुण लेफ्टनंट. तीन प्लाटूनची एक कंपनी, सव्वाशेच्या आसपास माणसं, वर मेजर. चार रायफल कंपन्या, शिवाय सपोर्ट कंपनी आणि हेडक्वार्टर कंपनी मिळून बटालियन, म्हणजे आठशे-साडेआठशे माणसं. तिचा सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, आज कर्नल असतो. १९७१ च्या लढाईत तो लेफ्टनंट कर्नल असायचा, म्हणून जुनी माणसं "आमचे सीओ लेफ्टनंट कर्नल होते" म्हणाली तर ती चुकीचं सांगत नाहीत.

बटालियनला आम्ही 'युनिट' म्हणतो. फौजी "माझं युनिट" म्हणतो तेव्हा त्याला एवढंच म्हणायचं असतं. त्याच्या खालचं ते सब-युनिट, वरचं ते फॉर्मेशन. तीन बटालियनची ब्रिगेड, तिच्यावर ब्रिगेडियर. तीन-चार ब्रिगेडची डिव्हिजन, साधारण पंधरा हजारांच्या वर माणसं, वर मेजर जनरल. काही डिव्हिजन मिळून कोअर, वर लेफ्टनंट जनरल. आणि त्याच्याही वर कमांड. आपण सदर्न कमांडमध्ये येतो, तिचं मुख्यालय पुण्याला.

आता तुमचे तिघे भाऊ. पायदळात पलटण म्हणजे बटालियन. तोफखान्यात त्याच मापाच्या युनिटला रेजिमेंट म्हणतात. म्हणजे ते दोघे भाऊ एकाच पायरीवर उभे आहेत, फक्त नाव वेगळं. बॅटरी हा रेजिमेंटचा भाग. एका रेजिमेंटमध्ये तीन बॅटऱ्या, एका बॅटरीत सहा तोफा, एकूण अठरा. बॅटरी म्हणजे पायदळातल्या कंपनीसारखी.

तीनच का, हे कुणी विचारत नाही, पण त्यातच सगळी गंमत आहे. ब्रिगेडमध्ये बटालियन तीन असतात. एका ब्रिगेडच्या पाठीशी तोफखान्याची एक रेजिमेंट आणि एकेका बटालियनच्या पाठीशी एकेक बॅटरी. बॅटरी कमांडर तोफांजवळ नसतोच मुळी, तो पायदळाच्या सीओजवळ बसलेला असतो. सीओला मारा कुठे हवा ते ऐकून तो मागे कळवतो. पुढे डोंगरावर आमचा ऑफिसर दुर्बीण लावून बसतो, गोळा कुठे पडला ते बघतो आणि रेडिओवरून दुरुस्ती सांगतो. तोफेवरच्या माणसाला लक्ष्य दिसतही नाही. मी कित्येक वर्षं ज्यावर मारा केला ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. समोरच्या पलटणीचा विश्वास आपल्यावर आहे, एवढं माहीत असायचं.

पदांचं उद्या लिहितो, डोळे दुखायला लागले.

मखमलाबादचा_मन्या | ११ जुलै, रात्री १०:४०

काका, पलटण म्हणजे प्लाटूनच ना? शब्द तर तोच आहे. मग तीस माणसं व्हायला हवीत.

जेलरोडचा_तोफची | १२ जुलै, सकाळी ६:२०

मन्या, शब्द तिकडूनच आला, पण मराठीत आणि फौजी बोलीत पलटण म्हणजे बटालियन. जंगी पलटण, काळी पाचवी ही नावं ऐकली असतील. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या आणि दुसऱ्या बटालियनची ती नावं. पहिली १७६८ मध्ये उभी राहिली, दुसरी १७६९ मध्ये. तीस माणसांच्या तुकडीला कुणी असं नाव देत नाही. तेव्हा फलकावर 'पलटण' दिसली तर 'प्लाटून' करू नका आणि 'प्लाटून' दिसली तर 'पलटण' करू नका.

कॅम्पकन्या | १२ जुलै, सकाळी ८:१५

काका, एक भर घालते. सगळ्यात मोठा घोटाळा 'रेजिमेंट' या शब्दाचा आहे. तोफखान्यात आणि रणगाड्यांत रेजिमेंट म्हणजे एक युनिट. पायदळात मात्र रेजिमेंट म्हणजे अख्खं घराणं. मराठा लाइट इन्फंट्री हे घराणं, त्याच्या कितीतरी बटालियन, आणि त्या देशभर वेगवेगळ्या ब्रिगेडमध्ये विखुरलेल्या. अख्खी रेजिमेंट एका मैदानात कधी एकत्र लढत नाही. ती जपली जाते बेळगावच्या सेंटरला, जिथे भरती आणि ट्रेनिंग होतं. महार रेजिमेंटचं सेंटर मध्य प्रदेशात सागरला. आणि 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स' हे नाव ऐकून ती ब्रिगेड वाटते ना? ती पायदळाची रेजिमेंट आहे, सेंटर कामठीला.

'कोअर'चंही तसंच. एक कोअर म्हणजे लेफ्टनंट जनरलच्या हाताखालचं मोठं फॉर्मेशन. दुसरी म्हणजे शाखा, कोअर ऑफ सिग्नल्स, कोअर ऑफ इंजिनिअर्स वगैरे. ताईंच्या यादीतला क्राफ्ट्समन हा ईएमईचा, म्हणजे गाड्या, तोफा, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचा जवान. पायदळात शिपाई, तोफखान्यात गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, रणगाड्यांत सवार. पायरी सगळ्यांची एकच, नाव शाखेचं. म्हणून सगळ्यांना सरसकट 'शिपाई' करू नका. गनरला गनरच लिहा.

सिन्नरची_सई | १२ जुलै, दुपारी २:१०

मी फक्त वाचत होते, पण आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे मिस्टर पायदळात नाईक आहेत. गेल्या वर्षी लान्स नाईकचे नाईक झाले, म्हणजे दंडावर एका पट्टीच्या दोन पट्ट्या झाल्या. त्यांनी व्हिडिओ कॉलवर दंड पुढे करून दाखवला. सासूबाईंनी मोबाईलच्या काचेवर बोट ठेवून दोन्ही पट्ट्या मोजल्या आणि लगेच पेढे आणायला पाठवलं. अख्ख्या गल्लीत पेढे वाटताना म्हणाल्या, "लेकाला पट्टी वाढली."

आणि त्याच दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अजून मेजर व्हायला किती वर्षं?" काय उत्तर द्यायचं? जो नाईक झाला त्यानं मेजर व्हायचं नसतं, त्याचा रस्ताच वेगळा असतो, हे समजावायला बसले तर काकूंना वाटलं मी कमीपणा लपवतेय. म्हणून या धाग्याबद्दल ताईंचे आभार. काकूंना लिंक पाठवलीय.

जेलरोडचा_तोफची | १२ जुलै, रात्री ८:५०

सईताई, नाईकसाहेबांचं अभिनंदन. तुमच्या काकूंसाठीच पदांचं लिहितो.

फौजेत एक लांब शिडी नसते, तीन जिने असतात. पहिला जिना जवानांचा: शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार. खूण दंडावर, एक पट्टी, दोन पट्ट्या, तीन पट्ट्या. दुसरा जिना जेसीओंचा, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरांचा: नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. यांची खूण खांद्यावर येते आणि ताऱ्यांच्या खाली रंगीत फीत असते. नायब सुभेदाराला एक तारा, सुभेदाराला दोन, सुभेदार मेजरला अशोकस्तंभ. तिसरा जिना ऑफिसरांचा, लेफ्टनंटपासून वर.

आता ताईंचा प्रश्न. सुभेदार मेजर आणि मेजर यांचा एकमेकांशी संबंध नाही. हुद्द्यानं मेजर वर, तो ऑफिसर. पण सुभेदार मेजर युनिटमध्ये एकच असतो. पंचवीस-तीस वर्षं काढून, सगळ्यांच्या पुढे निघून तो तिथं पोचतो. जवानांच्या सुट्टीपासून घरच्या अडचणींपर्यंत सगळं त्याच्या कानावर. सीओ महत्त्वाचा निर्णय घेण्याआधी 'एसएम साहेबां'ना विचारतो. नवीन आलेला लेफ्टनंट हुद्द्यानं वरचा असला तरी त्यांच्याशी 'साहेब' म्हणूनच बोलतो. अशा माणसाला फलकावर नुसतं 'मेजर' लिहिलं तर वाढवलं असं वाटेल, पण खरं तर त्याच्याकडून काढून घेतलं.

बीएचएम म्हणजे बॅटरी हवालदार मेजर. हे पद नाही, नेमणूक आहे. माणूस हवालदारच असतो, बॅटरीची शिस्त त्याच्या हातात असते. तुमच्या गावात 'मेजर' म्हणायची सवय याच शब्दावरून लागली असेल असं मला नेहमी वाटतं, कारण तोफखान्यात आणि पायदळात दोन्हीकडे हवालदार मेजर असतो आणि गावाला शेवटचाच शब्द ऐकू जातो.

इतिहासवेडा_पंचवटी | १२ जुलै, रात्री ९:४५

या शब्दांचा प्रवास बघा. शिवकाळात घोडदळात पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद दिलेला असायचा. म्हणजे पाणी आणि नाल यांचा विचार करूनच तुकडीचा आकडा ठरवला होता. पायदळात नाईक दहा माणसांच्या टोळीचा म्होरक्या. आजच्या सेक्शनचा आकडाही दहाच्याच आसपास! मला तर हे वाचून अंगावर काटा येतो. एका माणसाला आवाज देऊन, डोळ्यांसमोर ठेवून सांभाळता येतील अशी माणसं साधारण दहाच, हे साडेतीनशे वर्षांपूर्वीही ठाऊक होतं.

आणि गडावर हवालदार म्हणजे गडाचा मुख्य अधिकारी, सबनीस आणि सरनोबत त्याच्या जोडीला. सुभेदार तर अख्ख्या सुभ्याचा. इंग्रजांनी हीच नावं घेतली आणि आपल्या ऑफिसरांच्या खाली बसवली. जमादार शब्द १९६५ पर्यंत होता, नंतर त्याचं नायब सुभेदार झालं.

कॉलेजरोड_विनय | १२ जुलै, रात्री १०:०२

एक शंका. मेजर हा लेफ्टनंटपेक्षा मोठा. मग लेफ्टनंट जनरल मेजर जनरलच्या वर कसा?

इतिहासवेडा_पंचवटी | १२ जुलै, रात्री १०:१५

विनय, जुन्या युरोपात ते पद 'सार्जंट मेजर जनरल' होतं. पुढचा 'सार्जंट' गळून पडला, 'मेजर जनरल' उरला. लेफ्टनंट म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम करणारा, म्हणून लेफ्टनंट जनरल हा थेट जनरलचा दुय्यम.

ओझरकर | १३ जुलै, सकाळी ९:००

आणखी एक गोंधळ घ्या. नौदलातला कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा. लष्करातला कॅप्टन नौदलातल्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा. माझ्या दोन आतेभावांपैकी एक लष्करात कॅप्टन, दुसरा नौदलात कॅप्टन. लग्नपत्रिकेत दोघांची नावं एका ओळीत आली तेव्हा धाकटा म्हणाला, दादाच्या नावापुढे निदान 'भारतीय नौदल' तरी लिहा, नाहीतर लोक आम्हाला जुळे समजतील. हवाई दलात पदं कळायला सोपी वाटतात पण तिथंही स्क्वॉड्रन लीडर म्हणजे मेजर आणि विंग कमांडर म्हणजे लेफ्टनंट कर्नल. ताईंच्या यादीत कुणी नौदल-हवाई दलाचं असेल तर दलाचं नाव कोराच.

रिसाल्याचा_नातू | १३ जुलै, दुपारी १२:३०

यादीतले दफेदार आणि सवार आमच्या घरचे! रणगाड्यांच्या दलात घोडदळाची भाषा अजून चालते. शिपाई तो सवार, नाईक तो लान्स दफेदार, हवालदार तो दफेदार, सुभेदार तो रिसालदार. तुकड्यांनाही कंपनी-प्लाटून नाही, स्क्वॉड्रन आणि ट्रूप. एका रेजिमेंटमध्ये साधारण पंचेचाळीस रणगाडे: चौदा-चौदाच्या तीन स्क्वॉड्रन आणि तीन हेडक्वार्टरचे. माझे आजोबा घोड्यावर कधीच बसले नाहीत, पण मरेपर्यंत रिसालदार म्हणून जगले. नगरला रणगाड्यांचं सेंटर आहे, तिथं मला लहानपणी घेऊन गेले होते तेव्हा गेटवरच्या पोरानं कडक सलाम ठोकला. आजोबांनी धोतरावरच पाय जुळवले.

ताई, दफेदारांना हवालदार करू नका, कृपा करून.

बागलाणी | १३ जुलै, दुपारी ३:४५

आमच्या पणजोबांच्या कागदावर 'माउंटन बॅटरी' असं लिहिलंय. घरात सगळे समजायचे की ते विजेच्या बॅटरीचं काही काम करायचे. 😀

जेलरोडचा_तोफची | १३ जुलै, सायं. ६:३०

बागलाणी, तो कागद जपून ठेवा. माउंटन बॅटरीत तोफेचे सुटे भाग करून खेचरांवर लादायचे. नळी एकावर, चाकं दुसऱ्यावर, असं. डोंगरावर चढवायचं, वर जाऊन जोडायचं आणि मारा करायचा. आम्ही २८ सप्टेंबरला गनर्स डे साजरा करतो तो १८२७ साली त्या दिवशी उभ्या राहिलेल्या पाचव्या बॉम्बे माउंटन बॅटरीमुळेच. तुमच्या पणजोबांची बॅटरी कुठली ते क्रमांकावरून कळेल.

आणि खेचरं गेली तरी काम तेच राहिलं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या देवळालीतच के-९ वज्र आणि एम-७७७ तोफा सैन्यात दाखल झाल्या. ती एम-७७७ हेलिकॉप्टरला टांगून डोंगरावर नेता येते. त्या दिवशी मला माझ्या पहिल्या नंबर वनची आठवण झाली. एका तोफेच्या टोळीला आम्ही डिटॅचमेंट म्हणतो आणि तिच्या हवालदाराला 'नंबर वन'. तो नेहमी तोफेला हात लावून उभा राहायचा. थंडीत लोखंड चटका देतं, तरी हातमोजा काढून. मी एकदा विचारलं, उस्ताद, का? म्हणाला, "ही तापली की नाही ते मला आधी कळलं पाहिजे, मग तुम्हाला."

कॉलेजरोड_विनय | १३ जुलै, रात्री ९:१०

सगळं छान कळलं. मूळ प्रश्नाकडे येतो. माझं मत, फलकावर नावं पदाच्या क्रमानं लावावीत. वर ऑफिसर, मग जेसीओ, मग हवालदार, नाईक, शेवटी शिपाई. फौज ज्येष्ठतेवर चालते. तिथं जो क्रम आहे तोच गावात हवा. इतकं समजून घेऊन पुन्हा सगळे एका पंक्तीत बसवले तर पद समजून घेतलं कशाला?

कॅम्पकन्या | १३ जुलै, रात्री ९:४०

विनय, मी अजिबात सहमत नाही. मी देवळालीत क्वार्टर्समध्ये वाढले. सायकलवरून शाळेत जाताना आम्ही पोरी समोरच्या खांद्यावरचे तारे मोजून कुणाचे बाबा कोण ते सांगायचो. पद म्हणजे काय ते रक्तात आहे. पण ते युनिटच्या गेटच्या आतलं. गावच्या दगडावर शिपाई सगळ्यात खाली कोरला गेला की त्याचा नातू रोज शाळेत जाताना ते खालचं नाव बघणार.

पुण्याला खडकीचं युद्धस्मशान बघितलंय का? तिथं पदाप्रमाणे लहान-मोठे दगड नाहीत. सगळे एकाच मापाचे. पद कोरलेलं आहे, पण त्यावरून कुणाचा दगड उंच झालेला नाही. मला तोच न्याय बरोबर वाटतो: पद अचूक लिहा, क्रम पदावर लावू नका.

सिन्नरची_सई | १३ जुलै, रात्री ९:५५

कॅम्पकन्येला माझं मत. माझ्या घरचं माणूस 'खालच्या' ओळीत लिहिलेलं मला नको आहे.

कॉलेजरोड_विनय | १३ जुलै, रात्री १०:२०

पण मग ज्यानं तीस वर्षं घालवून सुभेदार मेजरपद मिळवलं त्याच्या कष्टांचं काय? त्यालाही वाईट वाटू शकतं. कॅप्टन आजोबांना वाईट वाटलंच ना?

जेलरोडचा_तोफची | १४ जुलै, सकाळी ६:०५

विनय, तुमचा प्रश्न रास्त आहे, रात्रभर डोक्यात होता. कॅप्टन आजोबांना आपलं नाव खाली आलं म्हणून वाईट वाटलं नाही. त्यांचं कमावलेलं पद पुसलं म्हणून वाटलं. दोन्हीत फरक आहे. ऑनररी कमिशन, म्हणजे मानाचं ऑफिसरपद, मागून मिळत नाही. निवृत्तीच्या तोंडावर, निवडक जेसीओंना, २६ जानेवारीला किंवा १५ ऑगस्टला जाहीर होतं. हवालदारांनाही निवृत्त होताना ऑनररी नायब सुभेदार मिळतं. तेही यादीत कुणाला असेल तर नीट विचारून घ्या.

क्रमाबद्दल माझं म्हणणं, भरतीच्या सालाप्रमाणे लावा. जो आधी गेला तो आधी. त्यात कुणी लहान होत नाही. देशासाठी प्राण दिलेले मात्र सगळ्यात वर, तिथं पद नाही आणि सालही नाही.

बोलताना गाव मेजर म्हणतं ते म्हणू द्या. मलाही म्हणतात, मी 'ओ' देतो, त्यात माया आहे. पण दगडावर जेवढं मिळवलं तेवढंच लिहा.

आणखी तीन गोष्टी. एक, माणसाला तोंडी विचारू नका, पीपीओ बघा, म्हणजे पेन्शनची ऑर्डर. त्यात पद स्पष्ट असतं. ती नसेल तर डिस्चार्ज बुक. कागद हरवला असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. दोन, जे आज नोकरीत आहेत त्यांचं पद कोरू नका, उद्या बदलेल. 'सेवेत' एवढंच पुरे. तीन, नोकरीत असलेल्यांच्या युनिटचा क्रमांक आणि नेमणुकीचं ठिकाण अजिबात नको. शाखेचं नाव बस झालं.

मखमलाबादचा_मन्या | १४ जुलै, सकाळी ९:३०

काका, अग्निवीरांचं काय? माझा मावसभाऊ आत्ताच आर्टिलरी सेंटरला कसम परेड करून बाहेर पडला.

जेलरोडचा_तोफची | १४ जुलै, सकाळी १०:००

'अग्निवीर' हेच त्याचं पद, खूणही वेगळी. चार वर्षं, त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढे कायम होतात. पण कसम त्यानं तीच खाल्ली जी मी खाल्ली. फलकावर त्याचं नाव यायलाच हवं. त्याला माझा जय हिंद सांग.

कादवाकाठ | १९ जुलै, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके दिवस गप्प होते कारण वही घेऊन पुन्हा घरोघर फिरत होते, या वेळी पीपीओ मागत. तुमच्यामुळे सहा चुका निघाल्या. दोन 'मेजर' हवालदार मेजर निघाले, एक 'सुभेदार' रिसालदार निघाले, एक काका खरोखरच ऑनररी नायब सुभेदार निघाले आणि त्यांच्या मुलालाच ते माहीत नव्हतं.

शेवटी कॅप्टन आजोबांकडे गेले. मागच्या वर्षीच्या चुकीबद्दल गावाच्या वतीनं माफी मागितली. ते म्हणाले, "ते राहू दे, यादी दाखव." चष्मा लावून सत्तावीसच्या सत्तावीस नावं वाचली. स्वतःच्या नावावर थांबले नाहीत. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "हा माझ्या बरोबरचा. याला लान्स नाईक लिहिलंयस. हा नाईक झाला होता. त्याच्या बायकोकडे कागद असेल, पत्र्याच्या ट्रंकेत."

मी त्या आजींकडे गेले. ट्रंक होती. लुगड्याच्या घडीत डिस्चार्ज बुक होतं, आणि त्यात 'नाईक' होतं. आजींना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "तेच तर मी सांगत होते सगळ्यांना, दोन पट्ट्या होत्या."

आणि तोफची काका, तुमचा अंदाज खरा निघाला. आजोबांना ऑनररी कॅप्टन १५ ऑगस्टलाच जाहीर झालं होतं.

क्रम भरतीच्या सालाप्रमाणे ठरला. विनय, तुमचा मुद्दा मी बैठकीत मांडला होता. त्यावर बैठकीत हजर असलेले सुभेदार मेजर स्वतःच म्हणाले की मला माझ्या थोरल्या भावाच्या खाली ठेवा, तो माझ्या आधी भरती झाला. तो शिपाई म्हणून परत आला होता.

कॉलेजरोड_विनय | १९ जुलै, रात्री ८:५०

मग माझं काही म्हणणं नाही. मान्य.

जेलरोडचा_तोफची | १९ जुलै, रात्री ९:१५

ताई, फलक बसवायचा दिवस कळवा. पदकं लावून येतो. ट्रंकेत डिस्चार्ज बुक जपणाऱ्या आजींनाही भेटायचंय.

कादवाकाठ | १९ जुलै, रात्री ९:२०

१५ ऑगस्ट, सकाळी साडेसात. जेलरोडवरून सायखेड्यामार्गे या, जवळ पडेल. चहा आमच्याकडेच.